बांबरवाडीची फांदी

दसरा झाला आणि छायाबाई इंगवल्यांना ताप भरला. सकाळी त्या उठल्या त्या वाकूनच. घोटे आणि मनगटं सुजलेली, बोटं अशी आखडलेली की चहाचा कप दोन्ही तळव्यांच्या मधे धरावा लागला. "काय नाही गं, जरा सांधे धरलेत," त्या सुनेला म्हणाल्या. पण शर्वरीने रक्ताच्या थेंबासाठी त्यांचं बोट धरलं, तेव्हा त्यांनी हात मागे ओढला.

"ह्याची काय गरज? तुझ्या त्या यंत्रात माझं रक्त घालू नकोस."

"आई, अख्ख्या कोल्हापूरचं रक्त मी त्यात घालते. घरचं सोडून चालेल का?"

छायाबाईंनी हात पुढे केला, पण तोंड फिरवून. शर्वरीला वाटलं, सुई बघवत नसेल.

लग्नाला पाच वर्षं झाली होती आणि या दोघींचं छान जमायचं. दोघी मिळून मैदानावर फुटबॉलचे सामने बघायला जात. छायाबाई पंचाला जे बोलत ते ऐकून आजूबाजूची पोरं माना खाली घालत. नवरा गेल्यावर त्या वर्षभर गप्प गप्प होत्या, मग हळूहळू सावरल्या. दर बुधवारी महिला मंडळाच्या शिवणवर्गाला जाऊ लागल्या. सकाळी डबा घेऊन जात आणि दिवेलागणीला परत येत. इतकं शिवून घरात एक पिशवीसुद्धा कशी आली नाही, हा प्रश्न शर्वरीला कधी पडला नव्हता. तिच्या नवऱ्याला, विश्वजितला, तर नाहीच. तो दिवसभर फाउंड्रीत असायचा आणि आई हसतेय एवढ्यावर खूश होता.

शर्वरी जिल्ह्याच्या विषाणू वंशावळ केंद्रात काम करत होती. लोक त्याला 'मागोवा' म्हणत. शहरात दिव्याच्या खांबांवर जेवणाच्या डब्याएवढे सापळे बसवलेले होते. माणसाच्या घामाच्या वासाने डास आत येत आणि तिथल्या तिथे त्यांच्या पोटातल्या विषाणूचं वाचन होई. तापाच्या रुग्णाच्या रक्ताचंही तसंच.

चिकुनगुनियाचा विषाणू म्हणजे जेमतेम बारा हजार अक्षरांचा मजकूर. तो माणसात किंवा डासात शिरला की स्वतःच्या नकला काढतो, आणि घाईत केलेल्या नकलेत चुका राहतात. दोनेक महिन्यांत एखादं अक्षर कायमचं बदलतं आणि पुढच्या सगळ्या पिढ्या तो बदल घेऊन जातात. दोन रुग्णांच्या विषाणूंत अक्षर न् अक्षर सारखं निघालं तर ते अगदी जवळचे. पाच-सहा अक्षरांचा फरक असला तर मधे वर्षभराचं अंतर. अशी हजारो वाचनं एकमेकांशेजारी ठेवली की झाड उभं राहतं, त्याला बुंधा असतो, फांद्या असतात आणि टोकाला पानं. एकेक पान म्हणजे एकेक आजारी माणूस.

त्यात ह्या डासाची एक सवय उपयोगी पडते. ज्या कुंडीत जन्मला तिच्यापासून चार घरांपलीकडे तो क्वचितच उडतो, आणि चावतो तो दिवसाउजेडी. म्हणजे विषाणूला एका गावाहून दुसऱ्या गावाला जायचं तर माणसाच्या रक्तात बसूनच जावं लागतं. झाड नीट वाचलं तर कोण कुठे जाऊन आलं ते कळतं.

ते कळायला लागल्यापासून कोल्हापुरात गमती झाल्या होत्या आणि भांडणंही झाली होती. आपण ऑफिसात होतो असं शपथेवर सांगणाऱ्या एका गृहस्थांचा डेंगी पन्हाळ्याच्या एका हॉटेलातला निघाला होता. दोन सख्ख्या जावा कुणाच्या पिंपातून कुणाला ताप आला यावरून बोलेनाशा झाल्या होत्या. पण साथी लवकर आटोक्यात येत होत्या, म्हणून लोक कुरकुरत का होईना सापळ्यांना जागा देत होते.

दुसऱ्या दिवशी केंद्रात शर्वरी पोचली तर तिच्या वरिष्ठ डॉक्टर शमा बागवान पडद्यासमोर उभ्याच होत्या.

"शर्वरी, तुझ्या सासूबाई कुठं जाऊन आल्या?"

"कुठंच नाही. का?"

शमा मॅडमनी पडद्याकडे बोट केलं. कोल्हापूरची सगळी पानं एका बाजूला दाट गुच्छाने होती. छायाबाईंचं पान तिथे नव्हतंच. ते दुसऱ्या बाजूला, एका लांबलचक उघड्या फांदीच्या टोकाला एकटं लटकत होतं. त्या फांदीचे सगळ्यात जवळचे नातेवाईक चार वर्षांपूर्वीचे, घाटाखालच्या जंगलपट्टीतले.

शर्वरीने ती रेघ बुंध्यापर्यंत मागे वाचत नेली. इतकी लांब फांदी आणि मधे एकही पान नाही, याचा अर्थ तिला सांगावा लागत नव्हता. विषाणू चार वर्षं हवेत राहत नाही. कुठल्यातरी गावात माणसं एकामागून एक आजारी पडत होती, सुजलेल्या सांध्यांनी कामाला जात होती, आणि त्यांची कुणी दखलच घेतली नव्हती.

"आणि हे बघ," मॅडम म्हणाल्या. "हे एक अक्षर बदललंय. घरातल्या डासाबरोबर आता बागेतला, रानातला टायगर डासही ह्याला जोमाने पसरवणार. त्या गावात आपला सापळा नाही. एखादी बाई बाळंत होताना तापात असली तर बाळाला थेट होतो हा, आणि बाळांना फार वाईट होतो. मला ते गाव पाहिजे."

"मी विचारते आईंना."

"नियमाने तू ह्या केसमधून बाहेर. घरची केस आहे. रीतसर करायचं तर मी त्यांच्या फोनचा प्रवास उघडायचा. आणि तो उघडला की घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला नोटीस जाते, कुठून आलं ते सांगणारी." शमा मॅडमचा आवाज खाली आला. "बाई साठीच्या पुढच्या आहेत. जिथं गेल्या ते तुला घरी सांगितलेलं नाही. काहीतरी कारण असेल ना? तू सून म्हणून जाऊन बस त्यांच्याजवळ. संध्याकाळपर्यंत मी थांबते."

शर्वरी घरी आली तेव्हा छायाबाई बाहेरच्या पायरीवर बसल्या होत्या. अंगात ताप, केस कसेबसे बांधलेले, मांडीवर पर्स. एका पायात चप्पल होती. दुसरीचा पट्टा लावायचा प्रयत्न चालला होता, पण बोटं मिटत नव्हती.

"आई! कुठं निघालात?"

"मंडळात."

"आज बुधवार नाही."

छायाबाईंनी चप्पल सोडून दिली. शर्वरी त्यांच्याशेजारी पायरीवर बसली. काय बोलायचं ते तिने रस्त्यात चार वेळा जुळवलं होतं. त्यातलं काहीच तिला आता आठवेना. म्हणून तिने सासूबाईंना झाडाची गोष्ट सांगितली, लांब उघड्या फांदीची. त्या फांदीवर माणसं आहेत पण आपल्याला ती दिसत नाहीत, असं म्हणाली. बाळंतिणीचंही सांगितलं. कुठं गेला होता, असं मात्र विचारलं नाही.

छायाबाई ऐकत होत्या. बाळाचं ऐकून त्यांचा चेहरा बदलला.

"शेजारच्या कविताचे दिवस भरत आलेत," त्या म्हणाल्या.

"कोण कविता?"

"बांबरवाडीची. आजऱ्याच्या पुढं." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "रेडेकर तीन दिवस फोन उचलत नाहीत, शर्वरी. मी सारखा लावतेय. त्यांना दुसरं कोण नाही गं."

मग ते सगळं त्या पायरीवरच बाहेर आलं. आनंदराव, म्हणजे छायाबाईंचे यजमान, शेवटची दोन वर्षं डायलिसिसवर होते. आठवड्यातून दोनदा छायाबाई त्यांना घेऊन जात आणि आत यंत्र चालू असेतोवर बाहेरच्या बाकावर बसत. त्याच बाकावर आजऱ्याकडचे बळवंत रेडेकर बसत. त्यांची बायको आत शेजारच्याच खाटेवर असे. बांबूचं बन, थोडी काजूची झाडं आणि आजारी बायको, एवढाच त्यांचा संसार. पहिले काही महिने दोघं फक्त मशिनच्या वेळेबद्दल बोलले. नंतर डब्यातली भाजी वाटून खाऊ लागले. आधी त्यांची बायको गेली, नंतर आनंदराव. वर्षभराने छायाबाईंनी एका बुधवारी आजऱ्याची एसटी धरली.

"आम्ही काय करतो माहितीय? मी भाकरी करते. ते बांबू तासत बसतात. जेवतो, मग बनातनं एक चक्कर मारतो. ते मला अजून छायाबाईच म्हणतात." त्या थोडं हसल्या आणि हसतानाच रडू लागल्या. "तुला हे ऐकून कसं वाटतंय, ते खरं सांग."

शर्वरीने खाली वाकून त्यांच्या दुसऱ्या पायात चप्पल घातली आणि पट्टा लावला.

"मला वाटतंय आपण आधी तिथं पोचावं. शमा मॅडमना गावाचं नाव सांगू?"

"सांग. पण विश्वाला मी सांगणार. तू नाही, आणि नोटीस तर नाहीच नाही."

विश्वजितला फाउंड्रीतून बोलावून घेतलं. तो घामेजलेला, काळ्या हातांनी आत आला. आईने त्याला स्वयंपाकघरात बसवून चार वाक्यांत सांगितलं. तिने काही लपवलं नाही आणि माफीही मागितली नाही. तो उठला, हात धुतले, पुन्हा एकदा धुतले. मग खुंटीवरची किल्ली घेतली.

"गाडी काढतो," एवढंच म्हणाला.

गडहिंग्लज मागे पडलं. छायाबाई मागच्या सीटवर उशीला टेकून बसल्या होत्या. पुढे बसलेली शर्वरी फोनवर आजऱ्याच्या आरोग्य पथकाला रस्ता सांगत होती. तिचा फोन संपल्यावर विश्वजित आरशात बघून म्हणाला, "तीन वर्षं, आई?"

"हो."

"मला सांगितलं असतंस तर मी काय नाही म्हणालो असतो का?"

"नसतास म्हणाला. तू हो म्हणाला असतास." छायाबाईंचा आवाज तापाने घोगरा झाला होता. "पण मग ते तू दिलेलं झालं असतं. लग्नाआधी मी माझ्या वडलांना विचारून बाहेर पडायचे. नंतर तुझ्या वडलांना. आता तुला विचारायचं? एवढी एक गोष्ट मला न विचारता करायची होती, बाळा. बाकी काही नाही."

पुढच्या खड्ड्याशी विश्वजितने गाडी इतकी हळू घेतली की मागचा ट्रक हॉर्न वाजवायला लागला. आईच्या सांध्यांना धक्का बसू नये म्हणून, हे शर्वरीला कळलं. छायाबाईंनाही कळलं असावं. त्यांनी डोळे मिटून घेतले.

बांबरवाडी म्हणजे उतारावरची पंचवीस-तीस घरं आणि सगळीकडून बांबू. रेडेकरांचं घर शेवटचं होतं. दार नुसतं लोटलेलं. बळवंतराव पडवीतल्या खाटेवर होते. फोन खाटेखाली पडून बंद झालेला होता आणि वाकून तो उचलणं त्यांना जमलं नव्हतं. शेजारची पोटुशी कविता दोन वेळची पेज आणून देत होती आणि आताही उंबऱ्यात बसली होती. शर्वरीने आधी तिला तिथून उठवून गाडीत, काचा लावून बसवलं.

छायाबाईंना बघून रेडेकर उठायला गेले आणि तसेच कळवळून आडवे झाले. छायाबाईंमागे उभा असलेला त्यांचा धिप्पाड मुलगा दिसला तसे ते जास्तच गडबडले. नमस्कार करायला हात जोडले, पण तळवे एकमेकांना चिकटेनात.

"छायाबाई, तुम्ही ह्या असल्या तापात कशाला आलासा?"

"तुम्ही फोन उचलत नाही म्हणून."

"हात चालत न्हाईत ओ."

"माझे तरी कुठं चालतायत?"

दोघांनी एकमेकांच्या हातांकडे पाहिलं. चार हात मिळून एक धड मूठ होत नव्हती. छायाबाईंना हसू फुटलं आणि मग रेडेकरांनाही. हसताना बरगड्या दुखत होत्या म्हणून दोघं आणखीनच हसत होते. शर्वरीने चुलीवर पाणी गरम केलं आणि एकदा ह्यांच्या, एकदा त्यांच्या ओठांना भांडं लावलं. विश्वजित दाराच्या चौकटीला टेकून बघत होता. एवढं हसताना त्याने आईला मैदानावरसुद्धा पाहिलं नव्हतं.

आरोग्य पथक आलं आणि घरोघरी फिरलं. गावात त्या दुखण्याला 'बनातला ताप' म्हणायचे. बांबू तोडायला गेलं की होतो, दोन-चार महिने सांधे दुखतात, मग कमी होतं, असं सगळ्यांनी धरून चाललेलं. गोळी घ्यायची आणि कोयता उचलायचा. जवळजवळ प्रत्येक घरात तो येऊन गेला होता. सापळा बसला, रक्ताची वाचनं झाली आणि शर्वरीच्या पडद्यावरच्या त्या उघड्या फांदीला भराभर पानं फुटली. रेडेकरांचं आणि छायाबाईंचं पान एकाच देठावर आलं. दोघांच्या विषाणूत एका अक्षराचाही फरक नव्हता. बहुधा एकाच डासाने एकाच दुपारी दोघांना चावून घेतलं होतं.

डास कुठे होतात तेही लवकरच कळलं. बांबू कमरेएवढ्या उंचीवर तोडायची तिकडची रीत होती आणि उरलेल्या प्रत्येक खुंटात पेलाभर पाणी साठायचं. टायगर डासाला तेवढं पुरतं. रेडेकरांना हे कळल्यावर त्यांनी मान खाली घातली.

"म्हंजे माझ्याच बनानं छायाबाईंना आजारी पाडलं."

"तुमच्याच बनामुळं हे गाव आम्हाला सापडलं, काका," शर्वरी म्हणाली. "नाहीतर आणखी चार वर्षं असंच चाललं असतं."

खुंट गाठीच्या लगेच वर कापायचे, म्हणजे त्यात पाणी राहत नाही, एवढाच उपाय होता. गावाने तो आठवड्याभरात केला. उरलेल्या खुंटांत माती भरली. कविताला गडहिंग्लजच्या दवाखान्यात जाळी लावलेल्या खोलीत ठेवलं होतं. तिला मुलगी झाली, आईला ताप नाही, बाळालाही नाही. कोल्हापुरात इंगवल्यांच्या गल्लीतल्या एका सापळ्यात मात्र तीच फांदी पोचलेली दिसली. मग कुंड्यांच्या ताटल्या रित्या केल्या, गल्लीतल्या दोघा आजाऱ्यांना पंधरा दिवस मच्छरदाणीत बसवलं, आणि पुढच्या महिन्यात त्या फांदीचं नवं पान कुठेही आलं नाही. शमा मॅडमनी मुंबईच्या आरोग्य खात्याला पत्र लिहिलं, की नोटीस सगळ्या घराला जाण्याआधी ज्याचं रक्त आहे त्याला विचारलं जावं. त्याचं उत्तर यायचं होतं, पण कोल्हापूरच्या केंद्रापुरता त्यांनी तो रिवाज सुरूही करून टाकला.

विश्वजित आईशी बोलत होता, औषधं आणत होता, तिची बोटं गरम पाण्यात धरून शेकत होता. रेडेकरांचं नाव मात्र घेत नव्हता. छायाबाईही घेत नव्हत्या. शर्वरीने एकदा विचारलं तर तो म्हणाला, "मला राग नाही गं. पण त्यांच्याशी बोलायचं काय, तेच सुचत नाही."

दिवाळीनंतरच्या एका रविवारी रेडेकर पहिल्यांदाच कोल्हापुरात घरी जेवायला आले. बोलावलं छायाबाईंनी, कुणाला न विचारता. अंगात इस्त्रीचा सदरा, हातात बांबूची काठी. अजून ते जरा लंगडत होते. सगळे जेवायला बसले. विश्वजितने दोनदा भात वाढू का म्हणून विचारलं आणि रेडेकर दोन्हीदा पुरे म्हणाले.

ताक पिताना विश्वजितने एकदम विचारलं, "बाबांना तुम्ही किती ओळखत होता?"

रेडेकरांनी पेला खाली ठेवला. "आत जाऊन बसायचो की. बायको झोपली की मी त्यांच्या खाटेशी. यंत्र चालू आसताना त्यास्नी थंडी वाजायची. तवा त्यांनी बोलत ऱ्हायचं आन मी ऐकायचं."

"काय बोलायचे?"

"तुमचंच. तुम्ही पुण्याला होतासा ना तवा. पोरगा लोखंड वितळवतो म्हणायचे. भट्टीतला रंग बघून गरमी सांगतो म्हणायचे. नर्सला सांगायचे, डॉक्टरला सांगायचे, मला तर दर खेपेला." रेडेकर हसले. "मला भट्टीतलं समदं पाठ झालंय बघा. अजून भट्टी बघितली न्हाई मी."

वडील विश्वजितशी कामाबद्दल कधी एक शब्द बोलले नव्हते. शनिवारी तो पुण्याहून यायचा तेव्हा ते विचारायचे, जेवलास का. छायाबाई उठून आत गेल्या, कशासाठी ते कुणाला कळलं नाही.

संध्याकाळच्या शेवटच्या एसटीसाठी विश्वजित रेडेकरांना गाडीतून सोडायला निघाला. स्टँड जवळच होतं. पण बराच वेळ झाला तरी तो परतेना. शर्वरी फाटकाशी येऊन उभी राहिली, आणि जरा वेळाने छायाबाईही.

अंधार पडल्यावर गाडी आली. विश्वजित उतरला. पलीकडचं दार उघडून, काठी सांभाळत रेडेकरही उतरले. त्यांच्या इस्त्रीच्या सदऱ्यावर काजळीचे डाग होते.

"एसटी चुकली," विश्वजित आईकडे न बघता म्हणाला. "आम्ही जरा फाउंड्रीत गेलो होतो."

"आज तर सुट्टी. भट्टी बंद असेल."

"पेटवली," तो म्हणाला.

छायाबाईंनी दोघांकडे पाहिलं. मग आत वळल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "हात धुऊन या दोघं. शर्वरी, कुकर परत लावायला पाहिजे बघ."